मंगळावर पायताण काढून

कोल्हापुरात राहून मंगळावर जागा धरून बसलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. व्यवसायाने दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत उरलेली सूर्यमाला. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, चारचौघांत मान असलेला हा गृहस्थ दुपारी शटर अर्धं ओढून घेतो, तेव्हा पेशंटना वाटतं डॉक्टर जेवून आडवे झाले असतील. डॉक्टर त्या वेळी एका शिपायाचं मुंडकं उपटून दुसऱ्याच्या धडावर बसवत असतात. विज्ञानकथांत असतात तसले वीतभर उंचीचे अंतराळवीर, यंत्रमानव, चार हातांचे परग्रहवासी ते कुरिअरने मागवतात आणि आले की आधी मोडतात. कंपनीने दिलेला माणूस जसाच्या तसा कपाटात उभा करणं हा त्यांच्या मते शुद्ध आळशीपणा. याचा हात त्याला, त्याची पाठ याला, वर नवा रंग, नवा चेहरा. आणि मग या मंडळींना उभं राहायला डोंगर, खड्डे, कोसळलेली यानं असा सगळा देखावा. गल्लीत याला ‘डॉक्टर बाहुल्या खेळत्यात’ असं म्हणतात. साडूंना बाहुली हा शब्द सोसत नाही. “बाहुलीचं लग्न लावत्यात,” ते म्हणतात. “ह्या चार हाताच्याला कोण पोरगी देणार हाय? ही फिगर हाय, फिगर!”

प्लास्टिकचं मुंडकं उकळत्या पाण्यात जरा वेळ ठेवलं की मऊ पडतं आणि अलगद निघतं, ही या कलेतली पहिली पायरी. हे मला ठाऊक असण्याचं कारण असं, की एकदा आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो असताना माझ्या बायकोने मोठ्या मायेने चहाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि आतून पाच-सहा हिरवी तोंडं तिच्याकडे बघायला लागली. तिने झाकण पुन्हा ठेवलं आणि सरबत चालेल म्हणाली. त्या घरात कुठलीही वस्तू सुरक्षित नाही. कुकरची शिट्टी हरवली की आक्का, म्हणजे माझी मेहुणी, स्वयंपाकघरात शोधत नाहीत; सरळ मागच्या खोलीत जाऊन यानावरची तोफ काढून आणतात आणि भात लावतात. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, संपलेली पेनं, तेलाच्या कॅनची बुचं, हे तर साडूंचं कायदेशीर उत्पन्न. पण माझ्या चष्म्याची काडी मोडली तेव्हा “अरेरे” म्हणायच्या आधी “टाकणार हायसा काय?” असं त्यांनी विचारलं, हे मी विसरलेलो नाही. एका लग्नात वरात थांबली असताना हे बँडवाल्याच्या खांद्यावरचे झुबके बोटाने चाचपून बघत होते. बँडवाल्याला वाटलं, डॉक्टरांना नाचायचंय. त्याने बिचाऱ्याने चाल बदलली.

पेशाचा त्यांना या कामात फार उपयोग होतो. रंध्याचं, कानशीचं, करवतीचं सगळं काम दात कोरायच्या मशीनवर होतं, आणि कवळीचा गुलाबी मसाला उरला की कुणातरी परग्रहवासीयाला कातडी मिळते. पण कमाल झाली ती डोंगरांची. मलकापूरहून एक म्हातारबा दाढ दुखते म्हणून आले होते. साडूंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात दिवा धरला आणि आत बघतच राहिले. म्हातारबा घाबरून आ केलेल्या तोंडानेच काहीतरी विचारायला लागले. “हलू नका पावणं,” साडू हळूच म्हणाले, “डोंगर बघायलोय.” त्यांनी त्या झिजलेल्या दाढांचा साचा घेतला, प्लॅस्टर ओतलं, आणि मंगळाच्या पश्चिमेला एक अशी डोंगररांग उठली की बघणाऱ्याने गप्प व्हावं. पुढच्या खेपेला म्हातारबांना त्यांनी स्वतः ती खोली दाखवली. म्हातारबांनी वाकून बघितलं, जीभ गालात फिरवून खात्री केली आणि ओरडले, “आरं, ही तर माझी दाढ हाय की!” तेव्हापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की माझी दाढ मंगळावर हाय. मलकापुरात त्यांचं वजन वाढलं आहे म्हणतात.

या मंगळासाठी साडूंनी जीव टाकला होता. पुण्यात असल्या छंदवाल्यांचं एक प्रदर्शन भरायचं होतं, त्यात पहिलं बक्षीस मिळवायचं त्यांच्या मनात होतं, आणि ते मिळवणं भागही होतं. कारण आक्कांनी अखेरचं सांगून टाकलं होतं. “माझं देव मिक्सरशेजारी बसल्यात, आन् ह्यांची भुतं आक्खी खोली घिऊन बसल्यात! पुण्यातनं बक्षीस आणा, न्हायतर दिवाळीच्या आत त्या खोलीत माझं देवघर हुणार.” आक्का एकदा बोलल्या की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखंच असतं. साडूंनी मान डोलावली आणि मातीच्या मागे लागले. मंगळाची माती तांबडी. त्यांनी विटांची भुकटी करून बघितली, ती नारिंगी पडली. गेरू बघितला, तो भिंतीसारखा दिसायला लागला. आजऱ्याकडच्या लाल मातीचं एक पोतं आणलं, त्यात खडेच फार. शेवटी एक दिवस पेशंटच्या तोंडात कापूस कोंबता कोंबता त्यांना आपल्याच गल्लीतली तालीम आठवली, आणि कापूस तसाच ठेवून ते निघाले.

मीही त्याच गल्लीत वाढलेला आणि त्या दिवशी बरोबर गेलो होतो, म्हणून पुढचं ऐकीव नाही. आमच्या तालमीचे वस्ताद तेव्हा कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसले होते. म्हातारे, कान मोडलेले, आवाज मात्र अजून गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. साडूंनी नमस्कार करून आखाड्यातली बादलीभर माती मागितली. “माती इकत न्हाय आमी,” वस्ताद म्हणाले. साडू म्हणाले, विकत नको, मंगळाचा देखावा करायचाय, माती तिथं घालायची. वस्तादांनी विचार केला. “मंगळावर कुस्त्या हायत व्हय?”

“कुस्त्या न्हाईत. माणसं उतरणार हायत, यानातनं.”

“मग उतरू द्यात की. पर पायताण काढून.” वस्ताद उठून उभे राहिले. “डॉक्टर, ह्या मातीत माझ्या वस्तादांचा घाम हाय, त्यांच्या वस्तादांचा हाय. हिच्यावर पायताण घालून आजवर कुणी उभारल्यालं न्हाय. तेवढा शब्द द्या आन् न्या बादली.”

साडूंनी मातीला हात लावून शब्द दिला. मी परत येताना त्यांना म्हणालो, की वस्तादांना काय कळतंय, अंतराळवीराने बूट काढले तर जागेवर गोठेल. “गोठंल तर गोठंल,” साडू म्हणाले, “शब्द दिलाय.” आणि त्या दिवसापासून त्यांनी एकेका अंतराळवीराचे बूट घोट्यापासून कापायला सुरुवात केली. खाली कवळीच्या मसाल्याचे पाय केले. बोटं कोरली, बोटांना नखं कोरली, एकाच्या टाचेला तर भेगा दाखवल्या. वरून पांढरा जाडजूड पोशाख, डोक्याला काचेचं हेल्मेट, पाठीला प्राणवायूची नळकांडी आणि खाली आपले शेतातून आल्यासारखे अनवाणी पाय. कापलेले बूट त्यांनी फेकले नाहीत. यानाच्या शिडीजवळ, जिथे माती सुरू होते त्याच्या अलीकडे, देवळाबाहेर असतात तसे जोडीजोडीने मांडून ठेवले.

एकच चूक झाली. आखाड्याची माती ही नुसती माती नसते, हे कोल्हापूरचा असून हा माणूस विसरला. तिच्यात ताक जिरवलेलं असतं, तेल असतं, हळद, कापूर, लिंबू असतं. मंगळ अंथरून आठवडा झाला नाही तोच दवाखान्यातल्या झाडून साऱ्या मुंग्या तिथे उतरल्या. दाढांच्या डोंगरावरून रांगा लागल्या, यानात वस्ती झाली, एका यंत्रमानवाच्या कानातून मुंग्या ये-जा करायला लागल्या. साडूंनी खडूच्या रेघा मारल्या, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, ब्रशने एकेक मुंगी झाडली. आक्का दारातून बघून म्हणाल्या, “मंगळावर जीवसृष्टी सापडली म्हणून पेपरात द्या.”

पुण्याला मंगळ गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा लावून गेला. मी मागे, मांडीवर डोंगररांग घेऊन. प्रदर्शनात त्या टेबलाभोवती जी गर्दी झाली ती बघून मला साडूंचा अभिमान वाटला, खरंच वाटला. परीक्षक एक तरुण, नम्र गृहस्थ होता. त्याने भिंगातून सगळं बघितलं, डोंगर बघून तर हातच जोडले. मग पायांशी येऊन थांबला. “सर, काम पहिल्या नंबरचं आहे. पण मंगळावर अनवाणी? ही शास्त्रीय चूक होते. बूट तर केलेलेच आहेत तुम्ही. संध्याकाळपर्यंत पायांत घाला, मी पुन्हा येतो.”

तो पुढे गेल्यावर मी साडूंच्या मागेच लागलो. डिंकाचा थेंब लावायचा आणि बूट अडकवायचे, अर्ध्या तासाचं काम. बक्षीस मिळतंय, खोली वाचतेय. आणि बघायला इथे कोण आहे? वस्ताद कोल्हापुरात!

साडूंनी एक जोड उचलून तळहातावर घेतला. मला वाटलं, घालतात आता. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि होता तिथे, शिडीजवळ, पुन्हा नीट मांडला.

“वस्ताद कोल्हापुरात हायत, बरोबर हाय,” ते म्हणाले. “पर माती हितं हाय न्हवं.”

बक्षीस एका काचेच्या शहराला मिळालं. घरी आक्कांनी दारातच विचारलं, “मिळालं?” ते म्हणाले, “न्हाय,” आणि दुसऱ्या दिवसापासून कागदात गुंडाळून फिगर खोक्यांत भरायला लागले. मंगळ तेवढा टेबलावर राहिला होता, तो खोक्यात मावणारा नव्हता. आक्कांनी देवघराच्या कट्ट्यासाठी गवंड्याला सांगावा धाडला. आम्ही इतकी वर्षं ज्या माणसाची टर उडवली त्याला असं गुपचूप रंगांच्या बाटल्या धुताना बघून मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवसांत तालमीत मॅट आली. यात कुणाचं चुकलं असं नाही. मोठ्या कुस्त्या आता मॅटवरच होतात, पोरांना सराव हवा. हौदा उकरला, माती ट्रॉलीत भरली आणि उपनगरात कुणाच्या तरी प्लॉटच्या भरावाला गेली. वस्ताद त्या दिवशी तालमीकडे फिरकले नाहीत. पण दोन-चार दिवसांनी काठी टेकत ते दवाखान्यात आले. मी तिथेच होतो. बाहेर पेशंटची नावं लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, कुठला दात दुखतोय? “दात न्हाईत आता,” वस्ताद म्हणाले. “मंगळ दावा.”

साडूंनी मागचं दार उघडलं. वस्तादांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आत येऊन त्यांनी आधी शिडीजवळचे बूट बघितले, मग एकेकाचे पाय. “नखं बी काढल्यात की,” ते पुटपुटले. मग गुडघ्यावर हात देऊन वाकले, बोट मातीला लावलं आणि कपाळाला लावलं. आक्का चहा घेऊन जिन्याशी आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. वस्ताद सरळ झाले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “सुकलीया. ताक घाला वाईच, न्हायतर मरंल. आन् पोरं हडकुळी हायत, खुराक वाढवा.”

दिवाळी आली आणि गेली. गवंडी आलाच नाही. त्याला येऊ नको म्हणून कुणी कळवलं हे आम्ही कुणी विचारलं नाही. देव अजून मिक्सरशेजारीच आहेत. खोक्यांतली माणसं पुन्हा बाहेर आली आहेत. मुंग्या येतात, पण साडू आता त्यांना झाडत नाहीत. वस्ताद अधूनमधून येतात, माती बोटाने उकरून बघतात आणि जातात.

परवा शनिवारी गेलो तर साडू पेशंटच्या तोंडात वाकलेले होते आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर आक्कांच्या चपला होत्या. मी डोकावलो. आक्का एकट्याच होत्या. हातात वाटी, आणि चमच्याने मंगळावर कडेकडेने ताक शिंपडणं चाललं होतं. ओल्या मातीचा, हळदीचा, कापराचा वास सुटला होता. लहानपणापासून गल्लीच्या तोंडाशी यायचा तोच वास. आता तो गल्लीत कुठेच येत नाही, या एवढ्या खोलीत येतो. मी बघतच उभा राहिलो. आक्कांनी मान वर केली, माझ्या पायांकडे बघितलं आणि दरडावल्या, “पावणं, बघताय काय नुसतं? आदी पायताण काढा!”