आचारीबुवांचं लंडन

कोणत्याही मोठ्या इमारतीत पाऊल टाकलं की आपण सगळे वर बघतो. छत, खांब, नक्षी. आचारीबुवा खाली बघत. एक डोळा मिटून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशीवरून नजर फिरवीत आणि शेजारी जो उभा असेल त्याला विचारीत, "इथं पानं किती बसतील हो?"

जेवणाची पानं, अर्थात. कल्याणात त्या काळी ज्यांनी लग्नमुंजी पाहिल्या असतील त्यांना हा माणूस आठवेल. ठेंगणा, गोरा, पोट पुढे, खांद्यावर पंचा, आणि भुवया चुलीच्या धगीने कायमच्या विरळ झालेल्या. त्यांच्या हातची अळूची भाजी खाऊन लोक वधूवरांची नावं विसरत. पण मला त्यांची आठवण येते ती कल्याणातली नव्हे. मी त्यांच्याबरोबर लंडन पाहिलं. एवढं मोठं शहर असं कुणी कधी पाहिलं नसेल.

झालं असं. ठाण्यातल्या एका रावसाहेबांकडे मी इंग्रजी कागदपत्रांचा कारकून होतो. रावसाहेबांचा धाकट्या भावाशी जमिनीवरून दावा चालला होता. इथली कोर्टं संपली, तेव्हा रावसाहेबांनी हट्टाने विलायतेच्या वरच्या कोर्टात अपील लावलं आणि स्वतः जायचं ठरवलं. भाषेसाठी मी आणि जेवणासाठी कल्याणच्या पारनाक्यावरचे आचारीबुवा. रावसाहेब दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसत.

समुद्र ओलांडला की जात जाते हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आचारीबुवांची बायको रडली. हे म्हणाले, "अगं, जात जाईल ती माझी. चूल, भांडी, शिधा सगळं आपलंच नेतोय."

आणि खरंच सगळं नेलं. डाळ, तांदूळ, तुपाचे डबे, आमसुलं. मीठ मात्र बाळकुमच्या आगरातलंच हवं म्हणून ते स्वतः तिथं गेले. आगरी म्हाताऱ्याने पोतं बांधता बांधता विचारलं, "भटजी, त्या मुलखान मीठ पन नाय गावत?"

"गावत असेल," आचारीबुवा म्हणाले, "पण त्याला माझा हात ठाऊक नाही."

लंडनात पोचलो तर वकिलाने सांगितलं की कोर्टाला आता लांबलचक सुट्टी लागते आहे, सुनावणी थंडीच्या तोंडावर. परत जाणं परवडण्यासारखं नव्हतं. एका विधवा बाईच्या घरात आम्ही बिऱ्हाड केलं. तळघरात स्वयंपाकघर होतं. पहिल्या दिवशी आचारीबुवांनी लाल मिरचीची फोडणी दिली तेव्हा बाई, तिची मोलकरीण आणि मांजर असे तिघे शिंकत रस्त्यावर उभे राहिले. पुढे बाई रोज फोडणीच्या वेळेला आपण होऊन खिडक्या उघडायची आणि दारात खुर्ची टाकून बसायची. आचारीबुवा तिला मराठीत "बसा, बसा," म्हणायचे आणि ती बसायची.

रिकामा वेळ भरपूर. रावसाहेब म्हणाले, "आलोच आहोत तर शहर पाहू."

मग सुरू झालं. राजेरजवाडे पुरलेलं ते मोठं देऊळ पाहिलं. वेस्टमिन्स्टर. आमच्यापुढे चालणारा वाटाड्या हळू आवाजात सांगत होता की इथे अमक्या राजाला मुगुट चढवला, तिथे तमका कवी निजला आहे. मी भाषांतर करीत होतो. रावसाहेब हात जोडत होते. आचारीबुवा खाली बघत म्हणाले, "जागा ऐसपैस आहे, पण प्रत्येक पानाखाली कुणीतरी निजलेला. पंगत कशी बसायची?"

काचेचा महाल पाहिला. एवढा काचेचा डोंगर पाहून रावसाहेबांचंही तोंड उघडं राहिलं. आचारीबुवा मात्र पहिल्यांदाच खूश झाले. "हे बांधणाऱ्याला कळत होतं. अख्खं कल्याण एका पंगतीत. ठाण्याचे वऱ्हाडी आले तरी दुसरी पंगत नको." मग छताकडे बघून चेहरा पडला. "धूर कुठून जाईल?"

थेम्स नदीच्या पुलावर उभे राहिलो. तिथलं पाणी आपल्या खाडीसारखंच गढूळ. "इथं भांडी घासायची सोय आहे," एवढंच ते म्हणाले.

सेंट पॉलच्या घुमटातली गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. त्या घुमटाच्या आतून उंचावर एक गोल सज्जा आहे. एका बाजूने भिंतीशी पुटपुटलं तर शब्द भिंतीवरून घसरत पार पलीकडे ऐकू येतो. वाटाड्याने हे रावसाहेबांना दाखवायला पलीकडे नेऊन भिंतीला कान लावून बसवलं होतं. मी अलीकडे होतो. आचारीबुवा धापा टाकत जिना चढून आले ते भिंतीला पाठ टेकून बसले. रावसाहेब एवढे लांब पाहून त्यांना धीर आला. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चिटणीस," मी साधा कारकून, पण ते मला चिटणीस म्हणत, "बोलू नका कुणाला. घरचं तूप संपलं. परवापासून रावसाहेबांच्या वरणावर बाईकडचं लोणी कढवून घालतोय."

मग आमच्या पाठीमागची भिंत रावसाहेबांच्या आवाजात म्हणाली, "आचारीबुवा, चव चांगली आहे."

आचारीबुवा ताडकन उठले आणि भिंतीलाच नमस्कार करून मोकळे झाले. त्यानंतर लंडनात कुठल्याही भिंतीजवळ ते बोलायचे बंद झाले.

टॉवरचा किल्ला पाहायला गेलो तेव्हा लोक राजघराण्याच्या जवाहिराभोवती गर्दी करून होते. आचारीबुवा बाहेर हिरवळीवर थबकलेले. तिथे चांगले कोंबडीएवढे काळे कावळे डुलत चालत होते. "डोमकावळे!" ते ओरडले. "चिटणीस, लंडनात आल्यापासून पहिला ओळखीचा चेहरा दिसला!"

थोड्याच दिवसांत पितृपक्ष आला. रावसाहेबांच्या वडिलांची तिथी होती. आचारीबुवांनी पहाटे उठून तळघरात खीर, वडे, भात सगळं सोवळ्यात केलं. मंत्र त्यांना येत होते तेवढे म्हटले. पिंड खिडकीबाहेर ठेवला. कावळा काही येईना. आधी चिमण्या आल्या, मग एक कबूतर आलं. रावसाहेब कासावीस झाले. "कबुतराचं चालतं का हो?"

"कबुतराचं कुठं चालतं!" आचारीबुवांनी पंच्याने कबूतर हाकललं. "चला, टॉवरात जाऊ."

डब्यात नैवेद्य घेऊन आम्ही तिघे घोडागाडीने निघालो. दारावर निळ्या डगल्याचा, दाढीवाला पहारेकरी उभा. त्याने डब्याकडे बोट केलं. यात काय आहे?

मी इंग्रजीत सांगितलं, "या गृहस्थांच्या कैलासवासी वडिलांचं जेवण."

त्याने आम्हा तिघांकडे पाहिलं. "आणि वडील कुठे आहेत?"

मी अडखळलो. आचारीबुवांना प्रश्न काय तो न सांगताच कळला. त्यांनी शांतपणे हिरवळीवरच्या सगळ्यांत थोराड कावळ्याकडे बोट दाखवलं.

पहारेकऱ्याने त्या कावळ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या कावळ्याला तो रोज दाणापाणी देत असावा. मग त्याने घसा खाकरला, डोक्यावरची टोपी काढली आणि आम्हाला वाट दिली.

पान मांडलं. कावळा आला, हातभर अंतरावर थांबला आणि मान वाकडी करून बघत राहिला. शिवेना. रावसाहेबांनी हात जोडले. "बाबा, गोदान करीन." कावळा जागचा हलेना. "देवळाचा जीर्णोद्धार करीन." कावळ्याने चोच गवतावर पुसली. "बाबा, दावा जिंकून तुमची सगळी जमीन एकत्र ठेवीन!" कावळा चक्क पाठ फिरवून दोन उड्या लांब गेला.

रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लांब येऊन वडील उपाशी जाणार. आचारीबुवा पानाजवळ उभे होते. ते हळूच म्हणाले, "रावसाहेब, धाकट्या बंधूंचं काही बोलून बघा."

रावसाहेबांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग कावळ्याकडे पाहिलं. आपल्या वडिलांना धाकटा किती लाडका होता हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "बाबा, त्याचा वाटा देतो."

आचारीबुवा एक पाऊल मागे सरले. कावळा झेपावला, आधी वडा उचलला, मग खीर.

आचारीबुवांचं धोतर वाऱ्याने फडफडत होतं म्हणून कावळा इतका वेळ बुजत होता का, आणि ते नेमके तेव्हाच मागे का सरले, हे मी त्यांना पुढे कितीदा तरी विचारलं. ते म्हणत, "कावळ्याच्या मनातलं मला काय ठाऊक?"

अपील मागे घेऊन आम्ही परत आलो. भावाभावांची गळाभेट झाली. रावसाहेबांचं प्रायश्चित्त थाटात झालं, त्यांच्यामागोमाग माझंही उरकलं. आचारीबुवांनीही पंचगव्य घेतलं. लोक म्हणाले, शुद्ध झालात. पण लग्नं निघाली तेव्हा कुणी बोलावणं धाडेना. शेजारी बसायला हरकत नव्हती. त्या हातचं खायला मात्र जीभ कचरत होती. आचाऱ्याच्या हातचं खायचं नाही, तर आचाऱ्याने करायचं काय? परसात तांब्याची मोठी पातेली पालथी पडून राहिली.

गंमत अशी, की माणसं घरी यायची कमी झाली नाहीत. तिसऱ्या प्रहरी ओटा भरून जाई. सगळ्यांना लंडन ऐकायचं होतं. आचारीबुवा हौसेने सांगत. काचेचा महाल सांगताना उभे राहत, घुमट सांगताना भिंतीशी पुटपुटून दाखवत. त्यांची बायको एकदा मला आत बोलावून म्हणाली, "भाऊजी, बोलून बोलून यांचा घसा सुकतो. आणि मी पाणी घेऊन बाहेर गेले की सगळ्यांना घरची कामं आठवतात."

आचारीबुवांनी ते ऐकलं होतं. पुढच्या खेपेला मी ठाण्याहून आलो, तेव्हाची गोष्ट. ओट्यावर नेहमीची मंडळी होती आणि मध्ये पारनाक्यावरचे वृद्ध शास्त्रीबुवा. परदेशगमनाच्या बाबतीत ते सगळ्यांत कडक, आणि गोष्ट ऐकायला सगळ्यांत आधी हजर. आचारीबुवांनी टॉवरची गोष्ट काढली. पहारेकरी झाला. गोदान झालं, जीर्णोद्धार झाला. रावसाहेब घोगऱ्या आवाजात बोलले. "मी एक पाऊल मागे सरलो," आचारीबुवा म्हणाले, "आणि कावळा..."

"कावळा काय?" शास्त्रीबुवा पुढे सरकले.

"आत पानं मांडलीयत. जेवता जेवता सांगतो."

ओट्यावर कुणी हलेना. शास्त्रीबुवांची पंचाईत तर बघा. ते मोठ्याने विचार करू लागले. "कावळा शिवला असेल, तर यांच्या हातचं अन्न पितरांनी स्वीकारलं. मग आम्हाला जेवायला हरकत नाही. शिवला नसेल, तर जेवता येणार नाही. पण शिवला की नाही हे जेवल्याशिवाय कळायचं नाही." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळले. "चिटणीस, तुम्ही होतात ना तिथं? शिवला का?"

आचारीबुवा माझ्याकडे बघत होते. मी उठलो, पाय धुतले, आत जाऊन पहिल्या पानावर बसलो आणि वरणभात कालवला.

मग बाहेर हौदावर तांब्या वाजला. शास्त्रीबुवा पाय धुवत होते.

ते माझ्या शेजारी बसले. डोळे मिटून चित्राहुती घातल्या आणि पहिला घास घेतला. आचारीबुवा अळूच्या भाजीचं भांडं घेऊन वाढायला आले. शास्त्रीबुवांनी भाजीचा भुरका मारला, डोळे उघडले आणि म्हणाले, "शिवला असणार. ही सोडून जाणारा कावळा अजून जन्माला यायचाय." मग आतबाहेर एकच हशा झाला. बाकीची मंडळी पाय धुवायला घाई करू लागली.

त्यानंतर आचारीबुवांनी पुष्कळ वर्षं कल्याण, दिवा, मुंब्रा, पार ठाण्यापर्यंतची कार्यं केली. माझ्या मुलीच्या लग्नापर्यंत ते फार थकले होते. गुडघे गेले होते, दम लागे. मी म्हटलं, नुसतं अक्षता टाकायला या. पण पहाटेच पंचा खांद्यावर टाकून हजर. चुलीपाशी खुर्ची मांडून घेतली आणि तिथून हुकूम सोडत राहिले. "मीठ आत्ता नको. आमसूल आता. अरे, ढवळतोस की पोहतोस?"

मी सहज विचारलं, "आचारीबुवा, पुन्हा जाल का हो लंडनला?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "शहर मोठं होतं हो. पण ती बाई रोज दारात खुर्ची टाकून बसायची. वासावर. मला तिची भाषा येत नव्हती, आणि सोवळ्याच्या नादात मी तिला कधी पान वाढलं नाही." मग पंच्याने तोंड पुसून म्हणाले, "जा, पंगत बसवा. भात तयार आहे."

पंगत बसली. श्लोक म्हणायला कुणीतरी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मांडवाच्या टोकाला, सगळी पानं दिसतील अशा जागी आचारीबुवांनी खुर्ची आणवून घेतली होती, आणि तिथे बसल्या बसल्या त्यांना झोप लागली होती. मान एका बाजूला कललेली, हात पोटावर. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. वाढपी चवड्यांवर चालू लागले. आग्रह खुणांनी झाला. पोरांच्या आया डोळे वटारून पोरांना गप्प करत होत्या. व्याही जिलबी नको म्हणताना नुसता हात हलवत होते. एवढी मोठी पंगत अगदी आवाज न करता जेवून उठली. ते जागे झाले तेव्हा पानं उचलून झाली होती.

त्याच वर्षी, चातुर्मासात ते गेले.