अण्णांचा संधिवात

माझ्या वडिलांना संधिवात नाही. कधी नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण जर्मनीतल्या ओबरफ्रांकन भागातल्या एका टोपल्या विणणाऱ्या बाईच्या समजुतीप्रमाणे तो त्यांना आहे, आणि ती समजूत मी करून दिलेली आहे.

आम्ही बुरूड. अण्णांनी लहानपणापासून सुपं, दुरड्या, रोवळ्या विणल्या आणि आठवडी बाजारात विकल्या. त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. मी कामट्यांना हात लावलेला त्यांना चालत नसे. बोटं चिरली तर पेन कसं धरशील, म्हणायचे. पुढे पुण्यात नोकरी, तिथून न्युरेम्बर्ग. इथे आलो त्या वर्षी एका मित्राकडे जेवताना त्यानं सहज विचारलं, "वडील काय करतात तुझे?" मी म्हणालो, "झेडपीत होते." आमच्या आडनावावरून काही कळत नाही. खरं सांगितलं असतं तर त्यानं पुढ्यातलं ताट काढून घेतलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी तसं म्हणालो, आणि एकदा म्हटल्यावर ते बारा वर्षं तसंच राहिलं. बायकोला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली होती, "अण्णा इथे आले की काय करशील?"

अण्णा तीन वर्षांपूर्वी आले, मे महिन्यात. आई विमानाला घाबरते, म्हणून एकटेच. एका शनिवारी त्याच मित्रानं फिरायला जायचं काढलं. "किल्ले आणि चर्च दाखवून तू काकांना पकवलंयस. आपण खेडी दाखवू. सकाळी टोपल्यांचं गाव, येताना चेरीच्या बागा आणि श्नाप्स." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

गाव नीटनेटकं, शांत. चौकात माणूस मावेल एवढी टोपली मांडलेली. एका घराच्या मागच्या अंगणात साठीची एक बाई मांडीवर फळी घेऊन विणत बसली होती, शेजारी जस्ताच्या टबात विलोच्या काड्या भिजत होत्या. अण्णा सरळ टबाकडे गेले. इथे आल्यापासून ते माझ्या दोन पावलं मागून चालायचे. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पुढे गेले. एक काडी उचलून त्यांनी अंगठ्याभोवती वाकवून पाहिली. "किती दिवस भिजवतात, विचार की." मी विचारलं. सालीसकट असेल तर आठवडाभर, कधी जास्तच, बाई म्हणाली. "आपल्या बांबूला एवढं लागत नाही," अण्णा पुटपुटले. मी वळून पाहिलं. मित्र फोटो काढत होता. त्यानं ऐकलं नव्हतं.

मग बाईनं अंड्याएवढा लाकडी ठोकळा काडीच्या टोकात घातला आणि एका ओढीत काडीच्या तीन कामट्या केल्या. अण्णा मोठ्यानं हसले. अख्ख्या मुक्कामात ते तसे हसलेले मला आठवत नाहीत.

आलेल्या पाहुण्यांना ती बुडं तयार करून ठेवलेल्या टोपल्या द्यायची, एक-दोन फेरे विणायला. मित्रानं विणलेला फेरा एकीकडे चढला, दुसरीकडे उतरला. बाई सौजन्यानं म्हणाली, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

"ऐकलंस? गेनाऊ म्हणाली. आता नोकरी सोडतो आणि एक्स्पोर्टच करतो," मित्र म्हणाला.

"आधी बूड टेकव तिचं," माझी बायको म्हणाली.

बाईनं पुढची टोपली अण्णांसमोर धरली. अण्णा जाकिटाच्या बाह्या सारून खाली बसायच्या बेतात होते, कारण आमच्याकडे बूड पायाखाली दाबून विणतात. एका मिनिटात सगळ्यांना दिसलं असतं. मी बाईला म्हणालो, त्यांना र्‍हॉयमा आहे, म्हणजे संधिवात, बोटं वळत नाहीत. जर्मनमध्ये म्हणालो, अण्णांना कळू नये म्हणून.

ती बिचारी ओशाळली. टोपली मागे घेतली, आतून उशी घातलेली खुर्ची आणली आणि अण्णांच्या कोपराला धरून त्यांना बसवलं. अण्णांना शब्द कळला नाही, पण खुर्ची कळली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. निघेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

येताना एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे तांब्याची भट्टी पाहिली. "काका, ही जर्मन हातभट्टी," मित्र म्हणाला. "हिच्यावर टॅक्स भरतात एवढाच फरक." शेतकऱ्यानं चेरीची श्नाप्स छोट्या ग्लासांत ओतली. मला गाडी चालवायची होती, मी नुसता वास घेतला. अण्णांनी माझ्यादेखत कधी घेतली नव्हती; त्या दिवशी एका घोटात घेतली आणि ग्लास परत पुढे केला.

"वा काका!" मित्र खुलला. "झेडपीत असताना फिरती बरीच असणार तुमची."

आपण झेडपीत होतो हे अण्णांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिले.

"असायची की," ते म्हणाले. "आठवड्याला चार गावं."

"मग भत्ता जोरात!"

"कसला भत्ता. घरची भाकरी."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी करत होतो. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि शांतपणे म्हणाले, "झेडपीत कुठल्या खात्यात होतो मी? परत कुणी विचारलं तर दोघांचं एकच यायला हवं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या वेळी मी त्यांचे पाय धरायला हवे होते, निदान गप्प तरी राहायला हवं होतं. मी म्हणालो, "बांधकाम." त्यांनी मान हलवली आणि चहाचं विचारलं. उरलेले दोन महिने ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. मित्राच्या घरी दोनदा जेवले, पुलांच्या कामाबद्दल बोलले, कुठेही चुकले नाहीत.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोनंही विषय काढला नाही. यंदा अण्णांना पुन्हा बोलवायचं ठरलं, तिकिटं बघत होतो, आणि त्यांना पुन्हा त्या खात्यात बसवणं मला जमेना. गेल्या रविवारी मित्राकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खुर्चीचंही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी तिथे माकडचाळे करत होतो, आणि शिकवू शकणारा माणूस उशीवर बसला होता." आणि मग, "तू मला काय समजत होतास रे?"  

घरी येऊन अण्णांना फोन लावला. छातीवरचं ओझं उतरलं होतं, उत्साहानं सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"मला विचारलं नाहीस," अण्णा म्हणाले.

"खरं सांगायचं होतं, अण्णा."

"तुझं तू सांगितलंस. पण त्यांच्या घरी बसून पुलांच्या गोष्टी मी सांगितल्या. त्यांच्या घरचं जेवलो. आता त्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, खोटं माझं होतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय.

"त्यांनी ऐकलं ते माझ्या तोंडून," अण्णा म्हणाले.

मी तिकिटांचं विचारलं. "बघू," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.