मागच्या बाजूचं नाव

मिस्त्री बावीस वर्षं लोकांच्या जिममध्ये रबरी फरश्या बसवत आला. गुडघे पार कामातून गेले. फरशी कुठल्याही कंपनीची असो, अंगठ्यानं दाबून, नाकाशी धरून तो सांगायचा, किती वर्षं टिकेल ते. "एवढं कळतं तर स्वतःचा माल काढा की," बायको म्हणायची. शेवटी त्यानं मनावर घेतलं.

शहराबाहेर जुन्या टायरांचा भुगा दाबून फरश्या करणारा एक कारखाना होता. मालक मोठा गोडबोल्या. "माल आमचा, नाव तुमचं. बाजारात निम्म्या कंपन्या हेच करतात." त्यानं दिलेला नमुना मिस्त्रीनं वाकवला, नखानं कुरतडला, पांढऱ्या रुमालानं घासला. डाग नाही, वास नाही. प्रत्येक फरशीच्या मागच्या बाजूला आपलं आडनाव उठवायचं ठरवून तो तरंगतच घरी आला.

पहिलं गिऱ्हाईक त्याची धाकटी बहीण. तिनं नुकतीच बायकांसाठी जिम काढली होती. "घरचा माल सोडून दुसरीकडे कशाला जाऊ, दादा?" माल आला. मिस्त्रीनं स्वतः बसवला.

चार महिन्यांत कडा उचकटल्या, बुटांना काळा भुगा लागू लागला. मग एक दिवस दोन्ही हातांत वजनं घेऊन मागं सरकणाऱ्या एका शिक्षिकेचा पाय कडेला अडकला. मनगट मोडलं तिचं.

मिस्त्री तडक कारखान्यात गेला. मालकानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"नमुना एक दाखवलात आणि माल भलताच दिलात!"

"नमुन्यात नवं रबर जास्त असतं. कागदावर लिहिलंय तसं. सही तुमचीच आहे खाली."

"अहो, माणूस पडलंय तिथं!"

"वाईट झालं. पण फरशी उलटी करून बघा, माझं नाव आहे का कुठं?"

चहा तसाच टाकून तो बहिणीकडे आला. ती कारखान्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, एकूण एक फरशी तुझ्या हाताखालून गेली. तुला कळलं नाही?"

कळलं होतं. पहिला गठ्ठा सोडला तेव्हाच उग्र वास आला होता. अंगठा दाबला तर कण सुटून आले. त्यानं अंगठा पँटला पुसला, फरशी पालथी केली. आडनाव काय सुरेख उठलं होतं! जरा वेळ बघत बसला आणि मग ती बसवून पुढची हातात घेतली.

"नाही गं कळलं," तो म्हणाला.

लहानपणापासून त्याचं खोटं बहीणच तर पकडत आली होती.

महिन्याभरात जिममध्ये नवी फरशी आली. बसवायला तिनं दुसरा मिस्त्री बोलावला. आपला मिस्त्री पुन्हा गुडघ्यांना पट्टे बांधून लोकांचा माल बसवू लागला. बहिणीचा फोन अजून येतो, पण आईच्या औषधांपुरता.