कुजबुजे आणि चॉकलेटची पाकिटं

पडदा वर जातो तेव्हा दिसतं एक स्वयंपाकघर. डाव्या हाताला खिडकी आणि तिच्यातून टेबलावर तिरकं पडलेलं दुपारचं ऊन. टेबलावर मैदा, लाटणं, लोणी, आणि वाटीत कालवून ठेवलेलं घट्ट चॉकलेट. उजव्या हाताला ओव्हन, त्याच्या शेजारी दोन फटींचा जुना टोस्टर. मधोमध काकू उभ्या आहेत. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, नाकाच्या शेंड्यावर पीठ. आणि मागे, बोळाच्या दारात, एका बुटक्या स्टुलावर एक गुडघा, एक कान आणि अर्धी मिशी दिसते आहे. उरलेला माणूस चौकटीआड.

"लोणी," मिशीतून आवाज आला.

काकूंनी लाटणं आपटलं. "लोणी माझ्या हातात आहे!"

"हो, पण आता ते..."

"हातात लोणी घेऊन मी काय मिरवणुकीला निघालेय? पिठातच घालणार ना?"

"गार आहे ना?"

"लोणी गार आहे. मी गार नाही!" काकू वळल्या आणि त्यांनी मैद्याचं बोट त्या कानावर रोखलं. "आज एक अक्षर नाही. समजलं? ती बाई येऊन, खाऊन, परत जाईपर्यंत एकसुद्धा अक्षर नाही. शब्द द्या."

कान जरा मागे सरकला. "दिला," कुजबुजे म्हणाले. अर्थात कुजबुजतच.

कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हे. नाटक कंपनीत मिळालेलं हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की पोस्टमनसुद्धा त्याच नावानं दार ठोठावायचा. हयातभर त्यांनी प्रॉम्प्टरचं काम केलं. विंगेत अगदी पडद्याला खेटून बसायचं, गुडघ्यावर संहिता, तिच्यावर डोळ्याएवढा दिवा, आणि रंगमंचावरचा माणूस अडखळला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानात सोडायचा. असा की नटाला पोचावा, पण पहिल्या रांगेतल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यालाही पत्ता लागू नये. एकदा कंपनीत नवीन आलेली एक पोर पहिल्याच प्रयोगात पाटीसारखी कोरी झाली. कुजबुज्यांनी तिला अख्खा अंक भरवला. एकेक घास, एकेक श्वास. शेवटी तिला फुलं मिळाली. विंगेत येऊन ती हुंदके द्यायला लागली तेव्हा तिला नाक पुसता यावं म्हणून ती फुलं कुजबुज्यांनी धरली. त्यांच्या हातात फुलं आली ती एवढीच.

पण त्यांची खरी कला वेगळीच होती. मोठे नट मध्येच थांबत. वाक्य अर्धवट सोडून शांतपणे उभे राहत, आणि अख्खं थिएटर श्वास रोखून धरी. अशा वेळी शब्द पुरवला तर नट विंगेत येऊन मानगूट धरायचा. आणि खरंच विसरला असताना गप्प बसलं तरीही मानगूट धरायचाच. थांबला की विसरला, हे पापणी लवायच्या आत ओळखायला लागे. कुजबुजे तोंडाकडे बघतच नसत, टाचेकडे बघत. विसरलेल्या माणसाची टाच जमिनीवरून उचलली जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. थांबलेल्या माणसाची टाच रोवलेली असते.

रंगमंचावर ठीक होतं हो. घरात हा माणूस म्हणजे काकूंच्या डोक्याला ताप होता. लग्नाच्या कचेरीत साहेबानं विचारलं, "तुमची संमती आहे ना?" काकू क्षणभर लाजल्या, तर शेजारून हे पुटपुटले, "हो." काकू हो म्हणणारच होत्या! पण त्यांना ते त्यांच्या सवडीनं म्हणायचं होतं. तो राग अजून गेलेला नव्हता. डॉक्टर "तुम्हाला झालंय असं की..." म्हणून चष्मा पुसायला लागले की हे त्यांना आजाराचं नाव सुचवत. कुणाकडे सांत्वनाला गेलं की रडणाऱ्या माणसाचं वाक्य पुरं करत. दूरगावची लेक फोनवर आधीच सांगायची, "आई, बाबांना फोन देऊ नकोस. माझं बोलणं माझ्याआधी संपतं."

कंपनी बंद पडली तेव्हापासून हा सगळा पुरवठा एकट्या काकूंना होऊ लागला. किल्ली, मीठ, गॅस, छत्री. दिवसभर पाठीमागून एकेक शब्द टपकायचा, गळक्या नळासारखा.

आणि आज तर काकूंची परीक्षा होती. नाक्यावरच्या टी-रूमचा बेकर काम सोडून गेला होता. तिथली गिऱ्हाइकं चहाबरोबर चॉकलेट भरलेल्या त्या चपट्या पेस्ट्र्या खात. आधी ओव्हनमध्ये भाजलेल्या, आणि मागितल्या की टोस्टरमध्ये गरम करून दिलेल्या. काकू त्यांना पाकिटं म्हणायच्या, कारण त्या दिसायच्याच तशा, चारी बाजूंनी चिकटवलेल्या. शेजारणीकडे काकूंचं एक पाकीट मालकीणबाईंनी खाल्लं आणि निरोप पाठवला: घरी येते, समोर टोस्टरमध्ये घालून बघते, चॉकलेट गळलं नाही तर रोज सकाळी माझ्या भटारखान्यात या.

काकूंनी आयुष्यभर उशिरा येणाऱ्या नवऱ्याचं जेवण झाकून ठेवलं होतं, नाटकवाल्यांची बटणं शिवली होती, लेकीचे डबे भरले होते. पण "तुम्ही या, तुम्हीच पाहिजे" असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्या रोज सकाळी उठून, चपला घालून, आपल्या कामाला जाणार होत्या. जायचंच होतं त्यांना.

काकूंनी लोणी पिठात चोळलं, गोळा गार केला, लाटला, सुरीनं चौकोन कापले. एका चौकोनावर चॉकलेट ठेवलं, जरा हात आखडूनच. त्यात थोडा मैदा मिसळला होता, म्हणजे ते तापल्यावर धावत सुटत नाही. कडेला दूध लावलं, वर दुसरा चौकोन ठेवला, काट्यानं कडा दाबल्या. अर्धी पाकिटं ट्रेमध्ये मावली, उरलेली दुसऱ्या ट्रेमधून फ्रीजमध्ये गेली.

आता पाकिटाच्या पाठीवर काट्यानं भोकं पाडायची. वाफेला वाट नको का? सराव करताना रोज ह्याच जागी मागून "भोकं" असा आवाज यायचा, आणि रोज काकू खेकसायच्या, "दिसताहेत मला!" आजही त्या काटा उचलून थांबल्या. ओठांवर उत्तर तयार होतं. आज बोलू देत तर, असा सुनावते ना!

मागून आवाज आला नाही.

काकू आणखी जरा थांबल्या. आवाज नाही. खेकसायला मिळालं नाही तशी ती भोकंही डोक्यातून निसटली. त्यांनी काटा खाली ठेवला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

थोड्या वेळानं ओव्हनच्या काचेतून पाहिलं आणि काकूंनी कपाळाला हात लावला. पाकिटं कसली, लोडच झाले होते! टम्म फुगून एकमेकांना रेटत होते. दोन फुटले होते आणि त्यांतून चॉकलेट बुडबुडत ट्रेवर पसरत होतं.

"अहो!"

बोळातून कान पुढे आला.

"भोकं! भोकं राहिली! तुम्ही का नाही बोललात?"

कुजबुज्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोला!"

"तूच म्हणालीस, एक अक्षर नाही."

"म्हणून घर पेटलं तरी गप्प बसणार का? रोज तोंडाला खीळ नसते, आणि आज नेमका हा मुनी झाला!"

"मला वाटलं, तू थांबली आहेस. विसरली आहेस असं नाही वाटलं."

"काटा उगारून मी कशाला थांबेन? फोटोला?"

"मोठे नट थांबायचे," कुजबुजे म्हणाले. "आणि तुझ्या पायात त्या मागून बंद जाड सपाता. टाच दिसत नाही त्यात."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी मोठी नटी नाही! मी तुमची बायको आहे!"

"ते मला मान्य आहे."

दारावरची बेल वाजली. "आता परत गप्प बसा," काकू दातओठ खात म्हणाल्या, "एक अक्षर काढलंत तर बघा!" आणि नाकावरच्या पिठासकट त्यांनी दार उघडलं.

मालकीणबाई आत आल्या. गळ्यात चष्म्याची साखळी, बोलणं मोजूनमापून. नमस्कार झाला, खुर्ची झाली. त्यांनी ट्रे पाहिला. त्यातल्या त्यात शहाणं पाकीट उचललं आणि टोस्टरच्या फटीवर धरलं. ते आत जाईना. आडवं धरलं, तरी जाईना.

"हे टोस्टरमध्ये घालायचं," मालकीणबाई म्हणाल्या, "की उशाला घ्यायचं?"

काकूंनी तोंड उघडलं. आठवडाभर आरशासमोर म्हटलेलं सगळं भाषण कुठच्या कुठे गेलं होतं. त्यांनी नकळत मान जराशी मागे वळवली. बोळाच्या दारात कुजबुजे मूठ तोंडावर दाबून बसले होते. डोळे असे वटारलेले की शब्द कानातून बाहेर पडतील. पण तोंडातून हूं की चूं नाही.

सगळ्या जगाला शब्द पुरवलेत, आणि माझ्या वेळेला मूठ? त्या संतापानंच काकूंची जीभ सुटली. "भोकं पाडायची राहिली," त्या म्हणाल्या. "वाफ कोंडली, म्हणून फुगली. चूक माझी. दुसरा ट्रे फ्रीजमध्ये आहे. तुम्ही चहा घ्या, मी दाखवते."

"बसते," मालकीणबाई म्हणाल्या.

काकूंनी दुसरा ट्रे काढला आणि प्रत्येक पाकिटाच्या पाठीत काटा असा खुपसला की कुणावर तो राग आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. ट्रे ओव्हनमध्ये गेला. चहा झाला. मालकीणबाईंनी बोळातल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"हे तुमचे मिस्टर?"

"हो."

"काय करायचे?"

कुजबुज्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी ओव्हनकडे.

मालकीणबाईंनी आवाज खाली आणला. "त्यांना... बोलता येत नाही का?"

"येतं हो!" काकूंचा बांध फुटला. "इतकं येतं की आमच्या घरात भिंतींचेसुद्धा कान किटलेत. लग्नात माझा होकारसुद्धा ह्यांनीच दिला. आज गप्प बसा म्हटलं तर भोकं राहिली तरी गप्प, उशी झाली तरी गप्प!"

कुजबुज्यांनी अत्यंत नम्रपणे मान हलवली, सगळं खरं आहे अशा अर्थानं. मालकीणबाई चहाच्या कपात तोंड लपवून हसल्या.

ओव्हनमधून वास दरवळला. ह्या वेळची पाकिटं पाकिटांसारखीच निघाली, चपटी, बदामी रंगाची, कडा बंद. जरा निवल्यावर मालकीणबाईंनी एक उचललं आणि टोस्टरच्या फटीत सोडलं. दांडा खाली गेला. स्वयंपाकघरात तीन माणसं होती आणि तिघंही त्या फटीकडे बघत होती. तारा लाल झाल्या. काकू टोस्टरखाली वाकून बघू लागल्या, एक थेंब तर पडत नाही ना. पडला असता तर त्यांनी तो तळहातावर झेलला असता.

खटकन पाकीट वर आलं. मालकीणबाईंनी ते मधून मोडलं. चॉकलेट आतच होतं, मऊ, चमकणारं, पण जागचं न हललेलं. त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग उरलेलं संपवलं आणि बोटं पुसली.

"सोमवारपासून या. सकाळी दार उघडायच्या आधी. पण आधीच सांगते, भटारखाना एवढासा आहे. एकच माणूस मावतं. सोबत कुणाला आणता येणार नाही." त्यांनी पुन्हा बोळाकडे पाहिलं. "ह्यांचं एकट्यांचं जमेल ना, रोज सकाळचं?"

काकूंनीही बोळाकडे पाहिलं. डोळ्यांपुढे आलं ते रिकामं स्वयंपाकघर आणि दारातलं ते स्टूल, ज्याच्या पुढे अडखळायला कुणीच नाही. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं ह्या माणसानं छळलं, आणि आता सुटका समोर उभी असताना त्या स्टुलाची कसली काळजी? नाही म्हणावं? मुळीच नाही!

"अहो," त्या म्हणाल्या, "सोडलं तुम्हाला शब्दातून. तुम्हाला विचारताहेत. बोला."

कुजबुजे उठले. चौकटीआडून आधी मिशीचा उरलेला अर्धा भाग आला, मग दुसरा कान, मग सबंध माणूस. उन्हात येऊन उभे राहिले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. 'जमेल म्हणा,' काकूंच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ते गिळून टाकलं.

कुजबुज्यांनी घसा साफ केला. आणि मग बोलले ते असं खणखणीत की खिडकीबाहेरून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं.

"जमेल की! जा तू खुशाल. फक्त ती फुटलेली पाकिटं टाकू नकोस, मघापासून त्यांच्यावरच डोळा ठेवून बसलोय."