निरवांगीहून आलेली बादली

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. त्याचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे. बारामतीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. चूक दिसली की लाल शाई. घरातही तेच. माझे यजमान म्हणतात, हिच्याशी भांडायचं तर वकील लावावा लागेल.

सासूबाई गेल्यावर मामा, म्हणजे माझे सासरे, निरवांगीहून आमच्या फ्लॅटवर राहायला आले. डाळिंबाची बाग धाकट्या दिरांकडे सोपवली. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरी. पंधरा दिवसांनी एकदा बागेत चक्कर. माझ्याशी बोलणं चहापुरतं. त्यांना माझा धाक वाटत असावा, आणि मला त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं.

खाऱ्या पाण्याची टाकी हा माझा छंद. तीन फुटी काच, शुद्ध पाण्यात मोजून कालवलेलं समुद्री मीठ, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी. मी मीठ कालवताना पाहून मामा पहिल्यांदाच आपणहून बोलले, "खारं पाणी गोडं कसं करावं ह्यात आमची हयात गेली. अन् तू गोड्याचं खारं करतीस व्हय?" मला हसू आलं.

जोडीला घर म्हणून मी पुण्याहून अ‍ॅनिमोन आणला. दिसायला फूल, पण असतो प्राणी. त्याच्या डसणाऱ्या बोटांत हे मासे खुशाल लोळतात. लोळतात असं पुस्तकात. आमचे तीन आठवडे तिकडे फिरकलेही नाहीत. मी नाद सोडला, मामांनी सोडला नाही. त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढली आणि मी कॉलेजातून आले की बातमी तयार: "मोठी दोनदा जवळ गेली. शेपूट लावून पळाली." एक दिवस दारातच म्हणाले, "मोठी आत शिरली! धाकला अजून भेतोय." त्या संध्याकाळी त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला. सासूबाई लग्नानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या, तेही सांगितलं.

मग चिमट्याने अ‍ॅनिमोनला कोळंबीचा तुकडा भरवायचं काम त्यांच्याकडे गेलं, पाठोपाठ दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचंही. मी एकच नियम घातला: धातूचं भांडं वापरायचं नाही. जुनी बादली तडकली तेव्हा म्हटलं, नवी आणते.

"कशाला? बागेत हाय की, प्लॅस्टिकची, दणकट. फवारायचं औषध कालवायला बी धातूचं चालत न्हाय, ठाऊक हाय मला."

पुढच्या चकरेत बादली आली. चार पाण्यांनी घासलेली. मी ती उलटीपालटी करून पाहिली आणि छान आहे म्हटलं.

दीड महिन्याने अ‍ॅनिमोन आकसला. तोंड उघडं पडलं, खडकावरची पकड सुटली, टाकीभर वाहत फिरू लागला. मी क्षारता, अमोनिया, तापमान तपासलं. सगळं ठीक. मासेही ठणठणीत, त्या चिंधीलाच बिलगलेले. चौथ्या दिवशी मी तो गाळणीने बाहेर काढला. मामा खुर्चीवरून उठले नाहीत. "म्याच मोठा तुकडा घातला असंल," एवढंच म्हणाले.

मला कारण हवं होतं. अशा प्राण्यांना तांबं कणभरही सोसत नाही हे मला माहीत होतं, पण घरात तांबं येणार कुठून? बादली धुताना तळाच्या ओरखड्यांत निळसर रेघा दिसल्या. डाळिंबावर फवारतात ते मोरचूद आणि चुन्याचं औषध, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. मी बादली कॉलेजात नेली, तळ आम्लाने विसळला, ते परीक्षानळीत घेऊन अमोनिया सोडला. गर्द निळा रंग आला. बारावीच्या मुलांना दरवर्षी दाखवते तोच.

घरी येऊन पर्सही खाली न ठेवता सांगितलं, "मामा, तुमच्या बादलीत मोरचूद होतं. त्यानं मेला." सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. ते "असं व्हय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून एसटीने निरवांगीला गेले. फोनवर यजमानांशी बोलायचे. माशांचं नाव नाही.

खुर्ची तिथेच राहिली. मी कॉलेजातून यायचे आणि कुणी काही सांगायचं नाही. मासे पंपाच्या कोपऱ्यात अंग घासत बसायचे. मला मामांची आठवण येत होती, आणि हे मला स्वतःशी कबूल करायला महिना लागला. बादली त्यांनी आणली खरी, पण औषध कालवायची आहे हे त्यांनी साफ सांगितलं होतं. मोरचूद म्हणजे काय हे शिकवायचा पगार मी घेते. ही अर्धी चूक मी त्यांना सांगितलीच नव्हती. तोंडावर बोलणारी बाई फक्त दुसऱ्याच्या तोंडावर बोलत होती.

पाणी बदललं, खडक बदलले, आणि पुढे दोनअडीच महिन्यांनी नवा अ‍ॅनिमोन आणला. त्या रविवारी एकटीच गाडी घेऊन निरवांगीला गेले. मामा बागेत ठिबकच्या नळ्या साफ करत होते. मी उभ्यानेच म्हटलं, "चूक माझी होती. औषधाची बादली हे तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकून छान म्हटलं."

त्यांनी नळी झटकली. दुसरी उचलली.

"नवा आणलाय. मासे जवळ जात नाहीत. मी दिवसभर कॉलेजात, बघायला घरी कुणी नाही."

"अन् माझा हात लागला म्हंजी?"

"लागू दे."

ते उठून हौदावर गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. मी तारेवरचा टॉवेल पुढे केला तर मान हलवली. "नको. त्याला औषधाचं हात पुसत्यात."

गाडीचं दार मी उघडलं. ते ओले हात छातीपुढे वर धरून बसले, आणि बारामती येईपर्यंत त्यांनी ते कशालाही लागू दिले नाहीत.