दोन सेकंदांची प्रत

इस्पितळाच्या संगणक खोलीत त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि त्याला त्याचं भूषणच वाटे. बायकोने गॅस बंद केला म्हटलं तरी हा पठ्ठ्या उठून पाहून येई. रुग्णांच्या नोंदी सगळ्या एकाच डिस्कवर. ती गेली की कोणाला कोणतं औषध सोसत नाही हेसुद्धा गेलं. म्हणून रोज दुपारी नोंदणीच्या खिडक्या बंद ठेवून तो सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवी, मूळ आणि प्रत ताडून पाही, मगच वहीत सही करी. तोवर चाळीस मिनिटं बाहेरची रांग त्याचा उद्धार करी.

मग नवी प्रोग्रामर आली. तिने डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये असा बदल केला की त्याच संगणकावर दोन सेकंदांत प्रत तयार. शेजारच्या संगणकावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिथे मात्र तोच प्रोग्राम अर्धा तास घेई. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याने तिथेच ठरवलं. तिने दिलेला सूचनांचा कागद म्हणजे स्वतःचीच जाहिरात असणार, म्हणून घडी न मोडता खणात टाकला. या प्रतीमुळे वेगळ्या डिस्कवर उतरवणं बंद झालं. फायली मात्र तो रोज ताडून पाही. रोज जुळत. चडफडत सही करी.

अठराव्या दिवशी त्याने संगणकाच्या डिस्कवरची मोकळी जागा पाहिली. प्रत झाली होती, पण जागा तसूभरही कमी झाली नव्हती. चोर सापडला! त्याने तिला थेट साहेबांपुढे उभं केलं.

ती शांतपणे म्हणाली की ही सिस्टिम सगळं पुन्हा लिहीत नाही, त्याच मजकुराला दुसरं नाव देते. पुढे जे बदलेल तेवढंच वेगळं ठेवते. शेजारच्या सिस्टिमला हे जमत नाही. खिडक्या लवकर उघडाव्यात म्हणून ही सोय.

"पण काका, नंतर ती प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवताय ना? कागदात लिहिलं होतं मी."

त्याच्या पायाखालची वाळू सरकली. अठरा दिवस तो एकच वस्तू तिच्याशीच ताडून पाहत होता. लाजेने त्याला तिच्याकडे पाहवेना. कागद मिळालाच नाही म्हणता आलं असतं. शब्दाविरुद्ध शब्द, आणि नोकरीत ती कालची.

साहेबांनी विचारलं, "उतरवताय ना?"

"नाही, साहेब. आत्ता डिस्क गेली तर अठरा दिवसांचं काहीच नाही आपल्याकडे. कागद तिने दिला होता. मी उघडलाच नाही."