हात वर म्हणजे गप, की सुरू?

अनंत विशे सरांना या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने 'सरांविषयी लिहा' असे सांगितले तेव्हा मी म्हटले, माझे काम फुंकण्याचे, लिहिण्याचे नव्हे. समितीने ऐकले नाही. तेव्हा चुकलेमाकलेले वाचकांनी पदरात घ्यावे.

धसईला आमच्या घरचा लग्नाचा बँड आहे. वडील बँडमास्तर, मी क्लॅरिनेटवर. मुंबईत एका मोठ्या वाद्यवृंदाचे संचालन करून निवृत्त झालेले, मूळचे आपल्या मुरबाड तालुक्यातलेच विशे सर आसनगावला राहायला आले आणि त्यांना शहापुरात आपल्या माणसांचा वाद्यवृंद उभा करायचा आहे, असा निरोप आला. वडिलांनी निरोप्याला विचारले, "ते सोता काय वाजवतात?" तो म्हणाला, "काय नाय. काडी हलवतात." आम्ही पाच जण निव्वळ ती काडी बघायला गेलो.

शाळेच्या हॉलमध्ये व्हायोलिन वाजवणारे दोन शिक्षक, भजनी मंडळातले पेटीवाले-पखवाजवाले आणि तानसाकडच्या पाड्यावरचे, भोपळ्याचा तारपा फुंकणारे लहानूबाबा बसले होते. सरांनी काडीचा हात वर नेला. आम्ही पाचही जणांनी वाद्ये तोंडावरून काढली. हात खाली आला, बाकीचे सुरू झाले, आम्ही ढिम्म. असे तीनदा झाले. बँडवाले रुसले, असेच सरांना वाटले असणार.

शेवटी त्यांनी वडिलांना विचारले, "मास्तर, काय चुकतंय?"

"आमचं काय नाय चुकत. तुमीच आमाला गप करता," वडील म्हणाले. "आमच्यात मास्तरचा हात वर गेला का वाजवायचं बंद. नवरदेव मांडवाच्या दारात पोचला, हात वर, बँड गप."

सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "माझा हात एक, तुमी एवढे जण. एकट्यानं शिकलेलं बरं." मुंबईत जन्मभर हात वर नेऊन सुरुवात करणाऱ्या सरांनी त्या दिवसापासून हात कमरेपासून पुढे टाकून सुरुवात करायचे ठरवले. साठीच्या माणसाने अंगात मुरलेली सवय मोडणे हे काही खायचे काम नाही. कित्येक महिने त्यांचा हात चुकून वर जायचा आणि आम्ही इमानाने गप बसायचो.

यावरून सर मऊ आहेत असे कोणी समजू नये. एकदा मी दोन लग्ने वाजवून तसाच तालमीला गेलो. ओठ सुजलेले, सूर घसरत होता. सरांनी त्याच चार ओळी मला एकट्याला तासभर वाजवायला लावल्या. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते या ग्रंथात छापता येणार नाही. पुढच्या रविवारी मात्र मी सर्वांच्या आधी हजर होतो.

तालमीची वेळ संध्याकाळी ठेवावी, असे शहापुरातल्या मंडळींचे म्हणणे होते. लहानूबाबांची पाड्याकडची शेवटची एसटी त्याआधीच सुटायची. बाबा स्वतःच म्हणाले, "मी नाय आलो तरी चालंल." सर म्हणाले, "ज्याची गाडी आधी, त्याच्या टायमानं तालीम." वेळ दुपारची ठरली आणि आजही तीच आहे.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला. सरांशिवाय कसला वृंद, आता आवरते घ्यावे, असे आम्ही बहुतेकांनी ठरवले. त्यात मी पुढे होतो, हे कबूल करतो. सरांना सांगायला आसनगावी मीच गेलो. त्यांची जीभ अजून जड होती.

"बंद करायला मी मेलोय का?" सर म्हणाले. "काडी तू घे."

"मला नाय जमायचं, सर."

"नाय जमलं तर शीक. आन मला काय तरी वाजवायला द्या. डावा हात रिकामाच हाय."

कीर्तनकारांची चिपळी एका हाताने वाजते. ती सरांना दिली. आयुष्यभर सर्वांच्या समोर उभे राहिलेले सर आता पखवाजाशेजारी खुर्चीवर बसू लागले आणि समोर मी उभा राहू लागलो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सरांची चिपळी दर वेळी अर्धी मात्रा आधी पडत होती. सर्वांना ऐकू येत होते, बोलत कोणीच नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते. दोनदा मी सोडून दिले. तिसऱ्यांदाही सोडले असते, पण मग हा वृंद सरांची कीव करायला चालवायचा का? मी हात थांबवला.

"सर, चिपळी आधी येतेय."

सरांनी चिपळी मांडीवर ठेवली. डाव्या हाताने निर्जीव उजवा हात उचलून नीट बसवला. मग म्हणाले, "बरोबर हाय. पण आधी दोनदा सोडलंस, ते चुकलं. पुन्ना घे."

आम्ही पुन्हा घेतले. किती वेळा ते मोजले नाही. चिपळी जागेवर पडली तेव्हा लहानूबाबांनी तारपा खाली ठेवून डोळे पुसले. माझेही भरून आले होते, पण पुढची ओळ यायची होती.

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. डाव्या हातातले बळ टिको, उजव्यात परत येवो. आणि चिपळी आधी आली तर मी थांबवीन. दर वेळी, पहिल्याच वेळी थांबवीन.